सेरॅकखालचा खोळंबा: खुंबू आइसफॉल, १८ एप्रिल २०१४

शुक्रवार, सकाळचे पावणेसात. एव्हरेस्टच्या नेपाळ बाजूच्या बेस कॅम्पहून (५,३६४ मीटर) अंधारातच निघालेले शेर्पा खुंबू आइसफॉलच्या, म्हणजे हिमनदीच्या फुटून उतरणाऱ्या भागाच्या, वरच्या टोकाकडे, साधारण ५,८०० मीटरवर पोचले होते. पाठीवर तंबू, गॅसचे डबे, भांडीकुंडी, दोरांची वेटोळी. पुढे एका शिडीपाशी अडचण आली होती आणि रांग तुंबली होती. डाव्या हाताला, बरंच वर, एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावर एक लटकती हिमनदी आहे. तिच्या कड्याचा मोठा तुकडा (अशा बर्फाच्या कड्याला सेरॅक म्हणतात) त्या क्षणी सुटला आणि थेट या रांगेवर आला.

१६ जण गेले. त्यांतल्या १३ जणांचे मृतदेह दोन दिवसांत हाती लागले, तिघांचे लागलेच नाहीत. सगळे नेपाळी आणि सगळे कामावर असलेले. ज्यांच्या पैशांवर त्या मोसमातल्या मोहिमा उभ्या होत्या, त्या परदेशी सदस्यांपैकी त्यांत कोणीही नव्हतं.

हा योगायोग नव्हता. एप्रिलचा मधला आठवडा हा माल वर चढवण्याचा काळ असतो. सदस्य तेव्हा बेस कॅम्पवर किंवा आसपासच्या लहान शिखरांवर विरळ हवेची सवय करून घेत असतात. मे महिन्यात ते वर जातील तेव्हा कॅम्प २ वर तंबू उभे असायला हवेत, चूल पेटलेली हवी, ऑक्सिजनचे सिलिंडर मोजून ठेवलेले हवेत. हे सगळं आइसफॉलमधूनच जातं आणि पाठीवरूनच जातं. म्हणून या प्रकरणाचा अभ्यास करताना 'निसर्गाचा कोप' हा शब्दप्रयोग बाजूला ठेवलेला बरा. बर्फ कोसळणारच होता. तो कोसळला तेव्हा त्याच्याखाली इतकी माणसं एका जागी का उभी होती, हा तपासायचा प्रश्न आहे.

जागा

वेस्टर्न कूम नावाच्या उंच दरीतून वाहत येणारी खुंबू हिमनदी एका उतारावर येऊन फुटते आणि जवळपास ६०० मीटर खाली कोसळल्यासारखी उतरते. तोच आइसफॉल. एका बाजूला नुप्त्से शिखर, दुसऱ्या बाजूला एव्हरेस्टचा पश्चिम खांदा. मधे घरांएवढे, काही ठिकाणी इमारतींएवढे बर्फाचे ठोकळे आणि त्यांच्यामधल्या भेगा. हे सगळं रोज अंदाजे एक मीटर पुढे सरकतं. काल ज्या भेगेवर दोन शिड्या पुरल्या, तिला आठवड्याने तीन लागतात. किंवा भेग मिटते आणि शिडी काडेपेटीतल्या काडीसारखी वाकून पडते.

कोणत्याही हिमनदीप्रमाणे इथेही मधला भाग जास्त वेगाने सरकतो. कडेचा बर्फ खडकाला घासत असल्याने हळू चालतो. त्यामुळे मधून रस्ता काढला तर भेगा जास्त, शिड्या जास्त, रोजची डागडुजी जास्त. कडेने काढला तर रस्ता टिकतो, चाल सोपी पडते, वेळ वाचतो. फक्त डावी कड पश्चिम खांद्याच्या बरोबर खाली येते.

म्हणजे धोके दोन आणि त्यांची जात वेगळी. एक पायाखालचा: ठोकळा कलणं, बर्फाचा पूल तुटणं, शिडीचा अँकर (बर्फात रोवलेला आधार) निघणं. यावर नजर, अनुभव आणि चांगलं काम यांनी बराच ताबा ठेवता येतो. दुसरा डोक्यावरचा. तिथे माणसाच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपण त्याखाली किती वेळ काढतो. माळशेजसारख्या घाटात पावसाळ्यात 'दरडप्रवण क्षेत्र, थांबू नये' अशी पाटी असते. ती दरड थांबवत नाही, गाडी थांबवू नका एवढंच सांगते. २०१४ मधला आइसफॉलचा रस्ता डाव्या कडेने, म्हणजे अशाच पाटीच्या जागेतून जात होता.

सेरॅक का सुटतो

लटकती हिमनदी म्हणजे उंच खडकाच्या पायरीवर साचलेला बर्फ. वरून नवा बर्फ येत राहतो, मागचा पुढच्याला ढकलतो आणि कड दर दिवशी थोडी बाहेर येते. बाहेर आलेल्या भागाला खालून आधार नसतो. मागे भेग पडते, ती खोल होत जाते आणि एक दिवस वजन जोडणीला झेपत नाही. हे ज्या भूमितीवर ठरतं तिला त्या दिवसाच्या हवामानाशी फारसं देणंघेणं नसतं.

आइसफॉलचा सर्वमान्य नियम आहे: रात्री दोन-तीनला निघा, ऊन यायच्या आत बाहेर पडा. नियम चांगलाच आहे. उन्हात भेगांवरचे पूल मऊ पडतात, उतारावरचा ताजा बर्फ घसरतो. आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचा खिळा) धातूचा असल्याने तापतो, भोवतीचा बर्फ वितळवतो आणि हाताने उपसता येईल इतका सैल होतो. म्हणूनच स्क्रूवर बर्फाची मूठ थापून ठेवायची पद्धत आहे. पण हा नियम पायाखालच्या धोक्याचा आहे. डोक्यावरच्या सेरॅकला तो लागू नाही. १८ एप्रिलचा तुकडा पावणेसातला पडला. 'आपण वेळेत आहोत' असं ज्या वेळी प्रत्येकाला वाटावं, नेमकी ती वेळ. अनेक माहितीपत्रकांत आजही 'पहाटे लवकर निघून हिमस्खलनाचा धोका टाळला जातो' असं एक वाक्य असतं. त्यातला कोणता धोका टळतो आणि कोणता टळत नाही, हे कुणी लिहीत नाही.

जे अंगावर आलं तो भुसभुशीत हिम नव्हता. ते टणक बर्फाचे दगड होते. अशा मलब्यात हिमस्खलनात वापरतात त्या संदेशयंत्राचा उपयोग मृतदेह शोधण्यापुरताच. हेल्मेट डोक्यावर पडणाऱ्या मुठीएवढ्या तुकड्यासाठी असतं, फ्रिजएवढ्यासाठी नाही. शिवाय फिक्स रोपला, म्हणजे वाटेवर आधीच बांधलेल्या दोराला, कॅराबिनर (धातूची कडी) अडकवलेला आणि पाठीवर पंधरा-वीस किलो घेतलेला माणूस पळू शकत नाही. जो दोर त्याला भेगेत पडण्यापासून वाचवतो, तोच त्याला जागेवर बांधून ठेवतो. या विरोधावर उपकरणांच्या दुकानात उत्तर मिळत नाही. अशा पट्ट्यात थांबायची वेळच येऊ नये, अशी आखणी करणं हेच काय ते उत्तर.

शिडीपाशी रांग का होते

बेस कॅम्पपासून कॅम्प २ पर्यंतचा रस्ता बांधणं आणि मोसमभर चालू ठेवणं ही जबाबदारी सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीची. तिने नेमलेल्या मोजक्या शेर्पांच्या तुकडीला 'आइसफॉल डॉक्टर' म्हणतात. मोहिमा यायच्या आधी ते रस्ता शोधतात, शिड्या टाकतात, दोर बांधतात, आणि नंतर जवळजवळ रोज फिरून दुरुस्ती करतात. प्रत्येक सदस्यामागे ठरलेलं शुल्क मोहिमेने भरायचं असतं. कॅम्प २ च्या वरचे दोर मोहिमा चालवणाऱ्या कंपन्यांच्या वतीने लावले जातात.

शिड्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आपण घरात रंगकामाला वापरतो त्याच जातीच्या. भेग रुंद असेल तर दोन, तीन, कधी पाचसुद्धा शिड्या टोकाला टोक चढवून दोराने करकचून बांधतात. दोन्ही टोकांना स्नो बार (बर्फात ठोकायची धातूची पट्टी) किंवा आइस स्क्रूचा अँकर. दोन्ही बाजूंना हाताला धरायला एकेक सैल दोर.

चालणारा काय करतो ते जवळून पाहिलं की रांग का लागते ते कळतं. तो शिडीच्या तोंडाशी थांबतो. हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) जोडलेल्या दोन पट्ट्यांचे कॅराबिनर हातदोरांत अडकवतो. मागचा माणूस दोन्ही दोरांची टोकं ओढून ताठ करतो, नाहीतर ते कठड्याचं काम करत नाहीत. मग पहिलं पाऊल. क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या दातेरी साच्याचे) पुढचे दात एका दांडीच्या पुढे आणि मागचे दात मागच्या दांडीच्या मागे बसतील असा पाय ठेवायचा. बूट मोठा असेल तर दोन दांड्यांवर टेकतो. लहान असेल तर एकाच दांडीवर तोल सांभाळावा लागतो. नजर दांडीवर ठेवायची आणि दांडीच्या आरपार खाली दिसणारा निळा अंधार पाहायचा नाही. जोडशिडी मधे झोका घेते, म्हणून पाऊल छोटं. पाठीवरचं ओझं खांद्यांच्या वर गेलेलं असेल तर प्रत्येक पावलाला ते एका बाजूला खेचतं. पलीकडे गेल्यावर कॅराबिनर काढून पुढच्या दोरात अडकवायचे आणि जागा मोकळी करायची. एका वेळी एकच माणूस.

सरावलेल्या शेर्पाला ओझ्यासह यासाठी एक ते दीड मिनिट धरा. रांगेत चाळीस माणसं असतील तर शेवटच्याला तासभर थांबावं लागतं, आणि हा हिशेब शिडी जाग्यावर असेल तर. बर्फ सरकून ती तिरकी झाली किंवा अँकर निघाला, तर आधी ती बसवा, मग चाला. तोवर मागून येणारे येतच राहतात, कारण सगळे साधारण एकाच वेळी खालून निघालेले असतात आणि पुढे काय झालंय ते मागच्याला दिसत नाही.

१८ एप्रिलला याच कारणाने माणसं साठली. एरवी हा पट्टा पंधरा-वीसजण विखरून ओलांडत असते तर तोच तुकडा पडूनही मृतांचा आकडा वेगळा दिसला असता. तुकड्याचा आकार कुणाच्या हातात नव्हता, पण रांगेची लांबी होती. एकाच दिवशी कोणत्या मोहिमेने किती माणसं किती वाजता सोडायची, याचं बंधन मात्र कुणावरच नव्हतं.

हिशेब किलोंचा

मार्गदर्शित मोहिमेत सदस्याची जोखीम आणि शेर्पाची जोखीम वेगळी मोजावी लागते. खालचे आकडे एका कल्पित, मध्यम सोयींच्या मोहिमेचे आहेत. कुणीही स्वतःच्या मोहिमेचे आकडे घालून हाच गुणाकार करू शकतो.

सदस्य आठ, वर काम करणारे शेर्पा दहा. कॅम्प २ किंवा त्याहून वर न्यायचा माल १,२०० किलो. एका खेपेला १५ किलो धरले तर ८० खेपा, म्हणजे प्रत्येक शेर्पाच्या वाट्याला ८. सदस्यांच्या सोबतीने दोन सराव फेऱ्या आणि एक शिखर फेरी, म्हणजे आणखी ३. मोसम संपताना कॅम्प उठवून माल खाली आणायला ४. एकूण १५ जा-ये. सेरॅकखालचा पट्टा ओलांडायला शेर्पाला २५ मिनिटं लागतात असं समजू. १५ फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोनदा, म्हणजे ७५० मिनिटं. साडेबारा तास.

सदस्य हळू चालतो. त्याला ४० मिनिटं देऊ. तीन जा-ये, सहा वेळा ओलांडणं, २४० मिनिटं. चार तास.

आता एक सुधारणा करू. गेल्या काही वर्षांत बऱ्याच मोहिमा सदस्यांना आधी लोबुचे ईस्टवर (६,११९ मीटर) चढवून आणतात, म्हणजे आइसफॉलमधली एक सराव फेरी वाचते. सदस्याचा वेळ २४० वरून १६० मिनिटांवर येतो. एक तृतीयांश धोका कमी. शेर्पाच्या मात्र पंधरातली एकच फेरी कमी होते. ७५० चे ७००. माल तेवढाच राहतो ना! ही सुधारणा 'आइसफॉलमधला धोका कमी केला' अशा शब्दांत विकली जाते. ते खरं आहे, पण फक्त पैसे भरणाऱ्यापुरतं.

शेर्पाचा आकडा खाली आणायचा असेल तर किलो कमी करावे लागतात. तोच माल १,२०० ऐवजी ७५० किलो केला तर खेपा ५० होतात, माणशी ५. सराव फेरी एक आणि शिखर फेरी एक, म्हणून सोबतीच्या २. उतरवायचा माल कमी, म्हणून ३. एकूण १० जा-ये, ५०० मिनिटं. साडेबारा तासांचे आठ तास वीस मिनिटं.

साडेचारशे किलो कुठून निघतात? ऑक्सिजनमधून नाही. ४ लिटरचा, ३०० बार दाबाचा सिलिंडर भरलेला साधारण ३ किलोचा असतो. त्यात १,२०० लिटर वायू, म्हणजे मिनिटाला २ लिटरने १० तास आणि ४ लिटरने ५ तास. सदस्याला पाच आणि त्याच्या शेर्पाला तीन धरले तर एका जोडीला २४ किलो, मुखवटे आणि रेग्युलेटर वेगळे. इथे काटकसर करणं म्हणजे वर मृत्यू ओढवून घेणं. वजन असतं ते कॅम्प २ च्या संसारात. जेवणाचा मोठा तंबू, स्वयंपाकाचा वेगळा, टेबल-खुर्च्या, हीटर, डबाबंद फळं, प्रत्येकाला स्वतंत्र तंबू. ६,४०० मीटरवर खुर्ची असणं काही गुन्हा नाही. पण ती कुणीतरी सेरॅकखालून नेलेली असते, आणि परतही आणायची असते.

आता यात १८ एप्रिलचा खोळंबा घाला. एका तासाची रांग म्हणजे वरच्या हिशेबात एका पूर्ण जा-ये फेरीहून (५० मिनिटं) जास्त धोका, एकाच सकाळी.

आधी कळलं होतं का?

जागा नवी नव्हती. ५ एप्रिल १९७० रोजी याच आइसफॉलमध्ये एका जपानी मोहिमेचे सहा शेर्पा बर्फाखाली गेले होते. पश्चिम खांद्यावरच्या कड्याबद्दल तर दोन वर्षं आधी उघड चर्चा झाली होती. मे २०१२ मध्ये मोहिमा चालवणाऱ्या हिमेक्स कंपनीचे रसेल ब्राइस यांनी, या कड्याचा आपल्या शेर्पांना असलेला धोका हे एक कारण देत, अख्खी मोहीम मोसमाच्या मध्यात गुंडाळली. सदस्यांनी पैसे भरलेले होते आणि बाकीच्या मोहिमा वर जात होत्या, त्यामुळे टीकाही झाली.

त्याच मोसमात पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मोहीम त्याच आइसफॉलमधून गेली आणि १९ मे २०१२ रोजी तिचे आठ गिर्यारोहक शिखरावर पोचले. महाराष्ट्राच्या गिर्यारोहणात तो मोठा दिवस आहे आणि त्याबद्दल इथे काही उणं म्हणायचं नाही. मुद्दा निर्णयाच्या पारखीचा आहे. २०१२ मध्ये कडा पडला नाही, म्हणून ब्राइस 'उगाच घाबरले' असं त्या वर्षी म्हणता आलं. २०१४ मध्ये पडला, म्हणून ते 'द्रष्टे' ठरले. दोन्ही म्हणणी सारखीच पोकळ. कडा कोणत्या दिवशी सुटेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ठरवलं ते एवढंच, की आपली माणसं इतके तास त्याखाली पाठवणं आपल्याला मान्य नाही. अशा निर्णयाची किंमत त्याच वर्षी मोजावी लागते आणि फायदा कधीच सिद्ध होत नाही. म्हणून धंद्यात असे निर्णय दुर्मीळ असतात.

नंतरचे दिवस

मदत आली ती आधी शेजारून. बेस कॅम्पवर आणि कॅम्प १ च्या वाटेवर असलेले शेर्पा आणि गाइड धावले, बेस कॅम्पच्या वैद्यकीय तंबूत जखमींवर उपचार झाले, हेलिकॉप्टरने जखमींना हलवलं आणि लांब दोराला टांगून मृतदेह खाली आणले. अशा ठिकाणी मलब्यावर शोध घेणं म्हणजे पुन्हा त्याच कड्याखाली उभं राहणं, त्यामुळे तिघांचा शोध थांबवावा लागला.

मग पैशांचा विषय निघाला. नेपाळ सरकारने अंत्यविधीसाठी प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले. १.६ च्या ठरलेल्या दराने आपले २५,०००. त्या वेळी सात जणांच्या गटाचा एव्हरेस्ट परवाना ७०,००० डॉलरला होता आणि त्या वसंतात तीनशेहून अधिक परदेशी गिर्यारोहकांनी परवाने घेतले होते. उंचावर काम करणाऱ्यांचा सक्तीचा विमा १० लाख नेपाळी रुपयांचा, म्हणजे सव्वासहा लाख भारतीय. बेस कॅम्पवर शेर्पांनी मागण्यांची यादी तयार केली: विमा वाढवा, मृतांच्या आणि अपंग झालेल्यांच्या कुटुंबांसाठी निधी काढा, मोसम बंद झाला तरी मजुरी द्या. विम्याची किमान रक्कम १५ लाखांवर गेली. पर्यटनमंत्री हेलिकॉप्टरने बेस कॅम्पवर येऊन गेले. पण तोवर बहुतेक शेर्पांनी ठरवलं होतं की या वर्षी तिथून पुन्हा जायचं नाही. काहींसाठी तो शोक होता, काहींसाठी संप, आणि काहींच्या मते तीन माणसं अजून ज्या बर्फात आहेत त्यावरून चालत जाणं बरोबर नव्हतं. एकेक करून मोहिमा उठल्या. सरकारने त्या वर्षीच्या परवान्यांना पाच वर्षांची मुदत दिली.

दक्षिण, म्हणजे नेपाळच्या बाजूने त्या वसंतात चिनी गिर्यारोहक वांग जिंग २३ मे रोजी शिखरावर गेल्या. आइसफॉल त्यांनी हेलिकॉप्टरने ओलांडून कॅम्प २ गाठला होता. त्यावर बराच वाद झाला. तिबेटच्या बाजूला आइसफॉल नाही, तिथल्या मोहिमा चालू राहिल्या, आणि तेलंगणची तेरा वर्षांची मालावत पूर्णा २५ मे रोजी तिकडूनच शिखरावर पोचली.

काय बदललं, काय नाही

२०१५ च्या मोसमाआधी रस्ता डाव्या कडेवरून मधे सरकवण्याचं जाहीर झालं. म्हणजे डोक्यावरचा धोका कमी करून पायाखालचा जास्त स्वीकारला: अवघड चाल, जास्त वेळ, जास्त शिड्या. आमच्या मते हा सौदा योग्यच होता, कारण पायाखालच्या धोक्यावर काम करता येतं. पण २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने त्याची परीक्षाच होऊ दिली नाही. शेजारच्या पुमोरी शिखराच्या बाजूने आलेल्या हिमस्खलनाने बेस कॅम्पवर किमान १८ जणांचा बळी घेतला आणि आइसफॉलचा रस्ता मोडला. वरच्या कॅम्पवर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरच्या लहान लहान फेऱ्यांनी खाली आणावं लागलं. वर जायचा रस्ता एकच असला की खाली यायचाही एकच असतो, ही गोष्ट त्या दोन दिवसांत सगळ्यांना नव्याने समजली.

२०१६ मध्ये वरच्या टप्प्यांचे दोर आणि अँकर हेलिकॉप्टरने कॅम्प १ ला टाकायला परवानगी मिळाली आणि शेर्पांच्या डझनावारी खेपा एका झटक्यात वाचल्या. मोहिमांचा खासगी माल मात्र त्यात नव्हता. २०२४ मध्ये ड्रोनच्या चाचण्या झाल्या आणि पुढच्या वर्षी आइसफॉल डॉक्टरांना शिड्या-दोर पोचवायला ते वापरात आले. त्या उंचीवर ड्रोन साधारण १५ किलो उचलतो, म्हणजे माणसाची एक खेप. माणसाला काही तास लागतात तिथे त्याला काही मिनिटं. आतापर्यंतच्या उपायांत हा सर्वांत थेट वाटतो, कारण तो आपल्या हिशेबातल्या खेपांच्या आकड्यालाच हात घालतो. मर्यादाही आहेत: वारा, थंडीत बॅटरीचा दम, आणि शिडी पोचवली तरी ती बांधायला माणूसच लागतो.

१२ एप्रिल २०२३ रोजी आइसफॉलमध्ये बर्फ कोसळून आणखी तीन शेर्पा गाडले गेले. ते दोर लावण्याच्या कामाचा माल घेऊन निघाले होते. मोसम नुकता सुरू झाला होता.

पैसे भरण्याआधी विचारायचं ते

महाराष्ट्रातून दर वर्षी काही जण अशा मोहिमांची चौकशी करतात. प्रश्न बहुतेक ठरलेले: यशाचं प्रमाण किती, ऑक्सिजनचे सिलिंडर किती, जेवण शाकाहारी मिळेल का. त्यांत चार भर घाला.

माझ्यामागे कॅम्प २ किंवा त्याहून वर किती किलो माल जाणार? नीट चालवलेल्या कंपनीकडे हा आकडा कागदावर असतो, कारण मजुरी खेपेवर ठरते. 'लागेल तेवढा जातो' असं उत्तर आलं तर समजा, मोजणारा कुणी नाही.

तुमच्या शेर्पाच्या आइसफॉलमधून मोसमात किती जा-ये होतात? दहाच्या आसपास म्हणाले तर त्यांनी विचार केलेला आहे. वीसच्या वर असेल तर कॅम्प २ च्या सोयींची यादी मागा आणि त्यातलं आपल्याला काय नको ते स्वतःहून लिहून द्या. सदस्याने खुर्ची नको म्हटलेलं कुठल्याच कंपनीला टोचत नाही.

विमा कायद्याने लागणारा किमान आहे की त्याहून जास्त? पॉलिसीची प्रत दाखवाल का? मोसम मधेच बंद पडला तर शेर्पांना पूर्ण मजुरी मिळते का? ही शेवटची अट फार महत्त्वाची. ती नसेल तर 'आज वर जाऊ नका' असं म्हणणाऱ्या शेर्पाचा स्वतःचाच पगार बुडतो, आणि मग तो तसं म्हणत नाही.

आणि चौथा प्रश्न कंपनीला नाही, बेस कॅम्पवर आपल्या सरदाराला (शेर्पांच्या म्होरक्याला) विचारायचा: वाटेत शिडी अडली तर थांबायचं कुठे? चांगला सरदार लगेच जागा सांगतो. सेरॅकचा पट्टा सुरू व्हायच्या आधीचा एखादा सपाट भाग, जिथून पुढची रांग दिसते. रांग हलेपर्यंत तिथेच बसायचं, थंडी वाजली तर पिसांचं जॅकेट चढवायचं, पुढे सरकून रांगेत नंबर लावायचा नाही. बेस कॅम्पला वॉकी-टॉकीवर कळवायचं, म्हणजे मागून निघणारे खालीच थांबतील. अर्ध्या तासात शिडी लागली नाही, तर त्या दिवसापुरतं परत फिरायचं.